मेलेला सुपरहिरो मेलेलाच का राहत नाही?

तिरपागडा

मंडळी, आधीच सांगतो, खाली अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम, लोगन (वुल्व्हरिनचा पिक्चर) वगैरेंचे स्पॉयलर आहेत. २०१९ चा पिक्चर अजून बघायचा राहिला असेल तर चूक तुमची.

तर झालं असं. लेक आता नऊ वर्षांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला २००८ च्या आयर्न मॅनपासून ओळीने दाखवायला घेतलं. काही मधले गाळले (थॉरचा दुसरा, क्षमस्व). शेवटी एंडगेमला पोचलो. हा पिक्चर मी २०१९ च्या एप्रिलमध्ये पहाटे सहाच्या शोला पाहिला होता. तीन तास एक मिनिट. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, चुटकी वाजवतो आणि मग ढिगाऱ्याला टेकून बसतो ना, तेव्हा अख्खं थिएटर चिडीचूप. माझ्या शेजारी एक अनोळखी कॉलेजकुमार नाक ओढत होता. मी थ्रीडी चष्म्याच्या आड सुखरूप.

आता तोच सीन घरी चालू. मी पुन्हा हळवा होऊन बसलेलो, आणि लेक चिवड्यातले शेंगदाणे वेचता वेचता विचारते, "बाबा, हा कितव्यात परत येतो?"

काय सांगणार? पोरगी चुकीचं बोलली का? लोकीची मान थॅनोस या खलनायकाने २०१८ मध्ये आपल्या डोळ्यांदेखत मुरगाळली, २०२१ मध्ये लोकीची स्वतःची मालिका आली. गमोराला कड्यावरून ढकललं, पुढच्याच पिक्चरात भूतकाळातली दुसरी गमोरा हजर. आणि टोनी मेला तरी त्याचं काम करणारा रॉबर्ट डाउनी ज्युनियर डॉक्टर डूम हा खलनायक म्हणून परत येतोय हे जुलै २०२४ मध्ये जाहीर झालंच. (वेगळी भूमिका आहे हो, माहितीये. माझ्या लेकीला समजावून बघा.)

लोक म्हणतात सुपरहिरोंचा अतिरेक झाला, ग्राफिक्स ढिसाळ झाले. असेल. पण माझ्या मते खरं दुखणं हे आहे की या मंडळींच्या मरणाला काही किंमतच उरलेली नाही. लोगनच्या शेवटी ती मुलगी थडग्यावरचा क्रूस काढून तिरका रोवते, त्याचा एक्स होतो. २०१७ मध्ये मी त्या एका गोष्टीवर दोन दिवस गप्प होतो. २०२४ मध्ये डेडपूलने तेच थडगं उकरलं, वुल्व्हरिनची हाडं काढून त्यांनी मारामारी केली, आणि मी खो खो हसलो. ते हसणं मला अजून खटकतंय.

तर प्रश्न असा: कुणाच्या मरणानंतर तुमचा विश्वास उडाला? आणि अजूनही पोटात खड्डा पाडणारं एखादं मरण आहे का?

चिमणीचं_घर

पहिली! आणि लेकीला माझ्याकडून एक चॉकलेट. थॉर दोन गाळल्याबद्दल बापालाही एक.

शून्यवादी

चाळिशीतली माणसं घट्ट कपडे घातलेल्या उडत्या लोकांच्या मरणावर चर्चा करतायत. दिग्दर्शक स्कॉर्सेसी २०१९ मध्येच म्हणाला होता की हे सिनेमे म्हणजे थीम पार्क आहेत. विषय तिथेच मिटला. चालू द्या.

माहीमचा_हलवा

शून्यवादी, थीम पार्क म्हणजे आपल्या भाषेत जत्रा. जत्रेत पाळण्यात बसायचं, मौत का कुआं बघायचा, गोडीशेव घेऊन घरी यायचं. यात लाजायचं काय? आणि मौत का कुआंतला मोटारसायकलवाला खरंच पडू शकतो, म्हणून तर आपण काठावरून वाकून बघतो. तिरपागडा म्हणतोय ते हेच ना, की आता विहिरीच्या तळाला गादी घातलेली सगळ्यांना दिसते.

तिरपागडा

हलवासाहेब, दंडवत. मी एवढी मोठी पोस्ट उगाच लिहिली.

कॉमिकवाला_काका

हे दुखणं पिक्चरवाल्यांनी आणलेलं नाही, कॉमिक्समधून वारशात आलंय. १९९२ मध्ये डीसी या कॉमिक्स कंपनीने सुपरमॅनला मारलं. तो अंक काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद, वर रक्त ठिबकणारा एस, आत दंडाला बांधायची काळी पट्टी. अमेरिकेत लोकांनी दुकानांबाहेर रांगा लावल्या, कित्येकांनी पिशवी न फोडता ठेवून दिली, पुढे भाव येईल म्हणून. १९९३ मध्ये सुपरमॅन परत. केस वाढवून!

तेव्हापासून वाचकाला कळलं की मरण ही जाहिरात आहे.

याचं मूळ अजून मागे आहे. सुपरमॅन ज्यांनी रचला त्या सीगल आणि शुस्टर या दोन पोरांनी १९३८ मध्ये त्याचे हक्क १३० डॉलरला विकले. पुढे कंपनीने त्यावर किती मिळवले त्याला गणती नाही. त्या दोघांना पेन्शन चालू झालं १९७५ मध्ये, तेही बोंबाबोंब झाल्यावर. मुद्दा असा की पात्र लेखकाचं असेल तर लेखक त्याला मारू शकतो. पात्र कंपनीची मालमत्ता असेल तर मॅनेजर म्हणणार, चालू दुकान बंद कसं करायचं?

ओल्या_नारळाची_करंजी

काका, सलाम. १३० डॉलर हा आकडा वाचून घशाशी आलं.

माझं उत्तर: लॉर्ड ऑफ द रिंग्जमधला बोरोमीर. बाण लागतायत, तो उठतोय, परत बाण लागतोय. आणि तो परत येत नाही. पुढच्या भागात त्याचा बाप आणि भाऊ त्याच्या नसण्याशीच भांडत राहतात.

निवांत_नागपूरकर

अन् त्यातल्याच गँडाल्फ जादूगाराचं काय मंग? तो तर पडला बी अन् पांढरा होऊन आला बी!

ओल्या_नारळाची_करंजी

तो माणूस नाहीच आहे भाऊ, त्याला पाठवणारे वेगळे आहेत. आणि परत येतो तो जरा परका होऊन येतो, आपलं जुनं नावही त्याला आठवावं लागतं. काहीतरी गमावून आला की मला चालतं. फुकटात आला की नाही.

पाटी_आणि_पेन्सिल

फुकटात आल्याचा विश्वविक्रम स्टार वॉर्समधल्या पॅल्पटीनच्या नावावर. १९८३ मध्ये त्याला भल्यामोठ्या खड्ड्यात फेकला, स्फोट झाला, गावजेवण झालं. २०१९ मध्ये परत. कसा? एक जण म्हणतो, आला बुवा कसातरी. बस्स. एवढ्यावर आख्खा पिक्चर.

मी तरी तिथेच मनाने उठून गेलो. शरीराने नाही, कारण पॉपकॉर्नचे पैसे दिले होते.

निवांत_नागपूरकर

मला मरणापेक्षा कॅप्टन अमेरिकाच्या त्या बाकड्याचा ताप आहे. एंडगेममधेच सांगतात का भूतकाळात जाऊन काही बदललं तर तुमचा वर्तमान बदलत नाही, वेगळी फांदी फुटते. बरं. मंग म्हातारा कॅप आपल्याच फांदीवरच्या बाकड्यावर येऊन कसा बसला बे? अन् गंमत म्हणजे पिक्चर लिहिणारे दोघं म्हणतात तो आपल्याच काळात लपून राहिला होता. दिग्दर्शन करणारे दोघं भाऊ म्हणतात नाही, वेगळ्या फांदीवर होता. घरातल्याच लोकांचं एकमत नाही, आपण काय डोकं फोडून घ्यावं.

चिमणीचं_घर

डोक्याचा भुगा. आमच्याकडे पाहुणे न कळवता येऊन बसतात तसाच तो बसला, एवढं सोपं आहे.

रोटोवाली

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. वर कुणीतरी "ग्राफिक्स ढिसाळ" म्हणालं, त्यावर दोन शब्द, कारण माझं पोट त्याच ढिसाळपणावर चालतं.

मी मुंबईत रोटो करते. म्हणजे काय, तर पडद्यावर एका सेकंदाला २४ चित्रं असतात. प्रत्येक चित्रात नटाच्या कडेकडेने रेघ मारायची, म्हणजे मागचं हिरवं कापड काढून तिथे ग्रह-तारे घालता येतात. डोकं वेगळं, हात वेगळे, बोटं वेगळी. केस हे आमचं नरक. वाऱ्यावर उडणारा झगा हा केसांचा धाकटा भाऊ.

एका मोठ्या सुपरहिरोपटासाठी मी दोन सेकंदांच्या शॉटवर तीन आठवडे बसले होते. ४८ चित्रं. झग्याच्या खालच्या काठाला धागे सुटलेले, आणि तिकडून नोट्स येतात की काठ थरथरतोय. परत केला. परत नोट्स. चौथ्या वेळेला पास झाला. मग दिग्दर्शकाने झगाच बदलला. मग शॉटच ओमिट, म्हणजे पिक्चरमधून बाद. पिक्चर आला तेव्हा आईला घेऊन गेले, नावं संपेपर्यंत बसवून ठेवलं. आई म्हणे, "यात तुझं काय?" म्हटलं, "जे नाहीये ते."

नाव घेत नाही, करार आहे. पण तुम्हाला पडद्यावर जे कच्चं दिसतं ते बहुतेक वेळा आम्हाला येत नाही म्हणून नसतं. तारीख ठरलेली असते आणि गोष्ट ठरलेली नसते, म्हणून असतं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मार्वल कंपनीच्या स्वतःच्या व्हीएफएक्सवाल्यांनी (पडद्यावरचे दृश्यपरिणाम करणाऱ्यांनी) एकमताने युनियनच्या बाजूने मत दिलं, ते काही हौस म्हणून नाही.

आणि तिरपागडा, तुमच्या मुद्द्याशी याचा संबंध आहे. ज्यांना गोष्टीत नक्की कोण मरणार हेच शूटिंग संपल्यावरही ठरवता येत नाही, त्यांचं मरण पडद्यावर खरं कसं वाटणार?

माहीमचा_हलवा

"जे नाहीये ते." टाळ्या.

शून्यवादी

रोटोवाली, हा प्रतिसाद या धाग्यापेक्षा मोठा आहे. मी वर जे खवचट बोललो ते नट आणि कंपन्यांबद्दल होतं, हात काळे करणाऱ्यांबद्दल नाही.

पण मग कमी पैशांत चांगलं होतंच ना? तो जपानी गॉडझिला मायनस वन. ३५ जणांची व्हीएफएक्स टीम, ६१० शॉट, दिग्दर्शक स्वतःच व्हीएफएक्सचा प्रमुख, आणि २०२४ चं ऑस्कर घेऊन गेले.

रोटोवाली

अगदी. दिग्दर्शक शेजारच्या खुर्चीवर बसत असेल तर झगा चार वेळा बदलत नाही.

पाटी_आणि_पेन्सिल

ज्ञानकण आवडले, पण शून्यवादी, तुम्ही उडत्या लोकांवर हसता आणि सरडा शहर तुडवतो ते चालतं होय? 😀 आणि त्यातही नायिका मेली म्हणून आपण रडतो, ती शेवटी दवाखान्यात सापडते!

शून्यवादी

सापडते. पण तिच्या मानेवर तो काळा डाग आहे. फुकटात आलेली नाही. (करंजीताईंचा नियम.)

खडीसाखर

अवांतर: २०२५ च्या सुपरमॅनमध्ये लाल चड्डी परत आली याबद्दल कुणीच आनंद व्यक्त केला नाही? ती मूळची सर्कशीतल्या पैलवानांची आहे. मधल्या काळात लाज वाटून काढून टाकली होती. आमच्या तालमीतल्या वस्तादांनी पोस्टर बघून समाधान व्यक्त केलं, "आता कुठं लंगोट बांधल्यासारखा दिसतोय."

माहीमचा_हलवा

चड्डी आली आणि चुंबन गेलं. आपल्या सेन्सॉरने त्यातला ३३ सेकंदांचा चुंबनाचा भाग कापला. माणूस आकाशातून उडत येऊन इमारत उचलतो ते पटतं, पण त्याला मैत्रीण आहे हे पटायला नको.

खडीसाखर

३३ सेकंद म्हणजे रोटोवालीच्या हिशोबाने ७९२ चित्रं. 😀

रोटोवाली

ओमिट!

कोचीनिवासी

मी आठ वर्षं केरळात. मरणाबद्दल बोलताय म्हणून मिन्नल मुरली (२०२१) आठवला. गावातला शिंपी, अंगावर वीज पडते, शक्ती येते. त्याच रात्री गावातल्या दुसऱ्या एकावर, शिबूवर, पण वीज पडते. गावाने वेडा ठरवलेला, एकाच बाईवर आयुष्यभर जीव लावून बसलेला माणूस. ती बाई मरते आणि शिबू खलनायक होतो. ती कुठल्याही विश्वातून परत येत नाही. शिबूचा तो आक्रोश ऐकताना माझी सासू, जी सुपरहिरो म्हणजे काय विचारत होती, पदराने डोळे पुसत होती.

नायक स्वतःचा पोशाख स्वतः शिवतो हेही मला फार आवडलं. करोडपती असायची गरज नाही, मशीन असलं की झालं.

चिमणीचं_घर

मराठीत असं कधी होणार? २०१५ मध्ये बाजी आला होता, श्रेयस तळपदेचा, बुरखाधारी वीर, घोडा वगैरे. मी थिएटरात पाहिलेला. मला धरून आम्ही अकरा जण.

खडीसाखर

मराठीतला सर्वांत यशस्वी पुनर्जन्म तात्या विंचूचा. १९९३ ला मारला, २०१३ ला थ्रीडीत परत. पण तात्याला कुणी का आला म्हणून विचारत नाही. तो येणारच. ओम फट स्वाहा.

पाटी_आणि_पेन्सिल

मराठीवरून: २०२३ चा अ‍ॅनिमेशनवाला स्पायडरमॅन दहा भारतीय... नाही, इंग्रजी धरून दहा भाषांत आला होता, त्यात मराठी होतं. आमच्या शहरात मराठीचा एकच शो, सकाळी साडेनऊला, वर्किंग डेला. भाच्याला शाळेला दांडी मारायला लावून नेला. त्यात मुंबईवर बेतलेल्या मुंबॅटनचा स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर आहे, "चाय टी" म्हणणाऱ्याला झापणारा. तो मराठीत बोलतोय हे ऐकून भाचा म्हणाला, "मामा, हा तर आपल्या सोसायटीतला वाटतो." मग पुढच्या वेळी शो का नसतात, तर म्हणे प्रेक्षक नाहीत. सकाळी साडेनऊला कोण येणार, दूधवाला?

सातपुड्याचा_वारा

तिरपागडाभाऊ, उशिरा आलो, पण मूळ प्रश्नावर बोलतो.

मी नंदुरबार जिल्ह्यातला. आमच्याकडे धडगाव तालुक्यात अस्तंब्याचा डोंगर आहे. दिवाळीत यात्रा असते, आदिवासी बांधव रात्रभर डोंगर चढतात. अस्तंबा म्हणजे अश्वत्थामा. लहानपणी आजी सांगायची की तो अजून या रानात फिरतो, कपाळाची जखम भळभळत असते, आणि वाटसरूला भेटला की जखमेवर घालायला तेल मागतो. मी दहा वर्षांचा असताना काकांबरोबर गेलो होतो. अंधारात मागून कुणाचा तरी आवाज आला, "तेल आहे का रे?" माझी बोबडी वळली. बॅटरी मारली तर एक काका मशालीसाठी तेल मागत होते.

सांगायचं हे की आपल्याकडे न मरणं ही शिक्षा आहे. सगळे मेले, ज्यांच्यासाठी लढला ते मेले, ज्यांना मारलं ते मेले, आणि हा एकटा तेल मागत फिरतोय. कल्की २८९८ मध्ये बच्चन अश्वत्थामा आहेत, तिथे पट्ट्या गुंडाळलेला तो थकलेला म्हातारा जेवढा वेळ आहे तेवढा वेळ मला पटला. उरलेल्या पिक्चरबद्दल बोलत नाही.

मार्वलच्या कुठल्याच परत आलेल्या माणसाला कुणाकडे तेल मागावं लागत नाही. हा माझा आक्षेप.

ओल्या_नारळाची_करंजी

हा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. बाकी काही लिहीत नाही.

गणिताच्या_बाई

नियम एकदा सांगितला की लेखकाने स्वतःही पाळायचा, एवढंच विज्ञानकथेचं व्याकरण. या निमित्ताने नारळीकर सरांची आठवण. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी "कृष्णविवर" ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नावाच्या जोरावर बक्षीस नको म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. इकडे उलट आहे. गोष्ट उभी राहत नाही म्हणून नाव परत आणायचं, आणि त्याला मुखवटा घालायचा.

निवांत_नागपूरकर

बाईंनी डॉक्टर डूमचा पेपर तपासला. शून्य मार्क.

तिरपागडा

मंडळी, धागा पार कुठल्या कुठे गेला, मजा आली. पण अजून कुणी सांगितलं नाही की यावर उपाय काय. पात्र कंपनीचं, ते दरवर्षी चालवायचंय, दुकान बंद करता येत नाही. मग मरण खरं ठेवायचं कसं?

कॉमिकवाला_काका

उपाय १९३६ मध्येच सापडलाय. वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम!

इथले पन्नाशीचे लोक उभे राहतील. इंद्रजाल कॉमिक्स, टाइम्स ऑफ इंडियाचं, १९६४ ते १९९०, मराठीतही यायचं. आमच्या आळीत एक अंक सोळा घरं फिरायचा, परत येईपर्यंत मुखपृष्ठ गेलेलं असायचं. ली फॉकचा हा वेताळ. जंगलातले लोक समजतात तो अमर आहे, चारशे वर्षं तोच फिरतोय. चोरांना वाटतं गोळ्या घालून उपयोग नाही. पण वाचकाला पहिल्यापासून माहीत असतं की हा एकविसावा आहे. वीस जण मेले. कवटीच्या गुहेत ओळीने त्यांच्या समाध्या आहेत. बाप मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, तीच कवटीची अंगठी घालतो.

म्हणजे बघा, अमरपणाची अफवा आहे आणि आत माणूस मरतोय. दुकानही चालू, मरणही खरं. आम्ही पोरं प्रत्येक गोळीला घाबरायचो, कारण एकविसावा मेला तर बाविसावा अजून जन्मलेलाच नव्हता!

शून्यवादी

काका, आठवणी मान्य. पण आफ्रिकेच्या रानात एक गोरा माणूस पिढ्यान्‌पिढ्या राजा, आणि सगळे काळे लोक त्याला देव मानतात, हेही त्याच पानांत आहे. इंद्रजालवाल्यांनी त्या देशाचं नाव डेंकाली केलं म्हणून ते पुसलं जात नाही.

कॉमिकवाला_काका

बरोबर आहे तुमचं. दहाव्या वर्षी दिसलं नाही, आता वाचताना दिसतं आणि टोचतं. समाध्यांची युक्ती तरीही हुशारीची आहे.

माहीमचा_हलवा

शून्यवादी हा धागा सोडून जाणार होते ना? चौथा प्रतिसाद. जत्रेत हरवलेत.

शून्यवादी

मोजू नका हो.

तिरपागडा

काका, तुमचा प्रतिसाद वाचला आणि रविवारी माळ्यावर चढलो. वडिलांची पत्र्याची ट्रंक आहे, त्यात जुनी पंचांगं, एक बंद पडलेला ट्रान्झिस्टर आणि तळाला सात इंद्रजाल. चार वेताळ, दोन मॅन्ड्रेक, एकाचं मुखपृष्ठ नाही. कागद इतका कडक झालाय की पान उलटताना कोपरा हातात येतो. एकावर वडिलांच्या अक्षरात आमच्या शेजाऱ्यांचं नाव आणि "परत करणे". परत केलेलं नाही.

लेकीला वाचून दाखवलं. शून्यवादींचा मुद्दाही जमेल तसा सांगितला. समाध्यांचं चित्र आलं तिथे ती थांबली, एकेक मोजायला लागली. सगळ्या चित्रात दिसत नव्हत्या म्हणून वैतागली. मग म्हणाली, "म्हणजे हा पण मरणार?" म्हटलं, हो, कधीतरी. बराच वेळ गप्प. मग, "ह्याच्या आईला माहितीये का हे?"

आता झोपायच्या आधी रोज तेच चालू आहे. वुल्व्हरिन सध्या कपाटात.

कॉमिकवाला_काका

सात अंक! मुखपृष्ठ नसलेला कुठला आहे? पहिल्या पानाचा फोटो टाका. आणि विकायचे असतील तर आधी मला विचारा.

तिरपागडा

फोटो टाकतो. विकणार नाही. आधी शेजाऱ्यांचा परत करायचाय.